शंभर सरदार आणि चार वाजताचा चहा

लिअरच्या शंभर सरदारांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या तालमीत सगळ्यात आधी निघाला आणि सगळ्यात शेवटी सुटला. म्हातारा राजा राज्य लेकींना वाटून देतो, इथपर्यंत कुणाचीच अडचण नव्हती. जळगावच्या एमआयडीसीत असे राजे गल्लोगल्ली आहेत. पण सगळं देऊन टाकल्यावर हा गृहस्थ म्हणतो, नाव माझंच राहील, मान माझाच राहील, दिमतीला शंभर सरदार राहतील आणि मी एक महिना थोरलीकडे, एक महिना मधलीकडे राहीन. आता हे शंभर सरदार डाळ मिलमध्ये आणायचे कुठून?

हो, डाळ मिलमध्येच. राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ करायचा आणि तो आजच्या कंपनीत घडवायचा, असं आमच्या दिग्दर्शकदादानं मनावर घेतलं होतं. त्याच्या डोक्यातली कंपनी पुण्याच्या आयटी पार्कातली. काचेच्या भिंती, गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, हातात कॉफीचा कागदी पेला. संघात मात्र तसल्या कंपनीत पाऊल टाकलेलं कुणीच नाही. कुणी चटईच्या कारखान्यात शिफ्ट करतो, कुणी पाइपच्या, एक जण शाळेत क्लार्क आहे, आणि मी एका डाळ मिलच्या हिशेबात बसते. रूपांतर माझ्याकडे आलं ते एवढ्याच कारणानं, की माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि दुपारी आमचे शेठ जेवायला घरी जातात.

काचेच्या कंपनीला मी पहिल्यापासून विरोध केला. तिथं शोकांतिका उभीच राहत नाही, कारण तिथं राजाच नसतो. कितीही मोठा साहेब असला तरी तो पगारदार. त्याला काढलं तर नोटीस मिळते, हिशेब चुकता होतो, निरोपाचा केक कापतात आणि वर्षाच्या आत तो दुसरीकडे तसल्याच खुर्चीत बसलेला दिसतो. त्याचं दुःख खोटं म्हणत नाही मी. पण ते भरून येणारं दुःख आहे. लिअरनं दिलं ते दिलं, त्याला दुसरीकडे राजाची नोकरी मिळणार नाही.

आमच्याकडची कंपनी वेगळी असते. कागदावर प्रायव्हेट लिमिटेड, गेटवर इंग्रजी बोर्ड, आत पेढी. भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो. शेठ गावाला गेले तरी त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही, ऑडिटर आला तरी त्याला शेजारची प्लास्टिकची खुर्ची. संचालक मंडळाची सभा जेवणाच्या टेबलावर होते आणि तिचं इतिवृत्त सीए आपल्या ऑफिसात बसून लिहितो. राजदरबार पाहायचा असेल तर विलायतेला जायला नको.

आपल्या जुन्या नाटककारांना ही शोधाशोध करावी लागली नव्हती. आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. तेव्हा संस्थानं होती, दरबार होते, सरदार नावाचा माणूस रस्त्यानं जाताना दिसायचा. शिरवाडकरांनी १९७० साली ‘नटसम्राट’ लिहिलं तोवर संस्थानं विलीन झालेली. त्यांनी राजाच्या जागी नट आणला, आणि ती जागा अशी पक्की भरली की त्यानंतर मराठीत कुणीही लिअर करायला घेतला, की पहिला सवाल येतो, ‘म्हणजे नटसम्राटच ना?’ आम्हालाही तो आला. चहावाल्यापासून केंद्राच्या समन्वयकापर्यंत सगळ्यांनी विचारलं.

ऑफिसात शोकांतिका नेणाऱ्या जगातल्या मोठ्या मंडळींचा जीव हॅम्लेटवर दिसतो. कुरोसावांनी १९६० मध्ये एका बड्या महामंडळाच्या भ्रष्ट कारभारात बापाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेला जावई उभा केला. फिनलंडच्या अकी कौरिस्माकीनं १९८७ मध्ये हॅम्लेटला कारखानदाराचा वारस केलं. तिथं काकाचा बेत काय, तर जुने कारखाने विकून रबरी बदकांच्या धंद्यात उतरायचं. (आमच्या संघातल्या चटईवाल्याला हे फार पटलं. त्यानं डाळ मिल विकून प्लास्टिकच्या चटया काढणारे डोळ्यांनी पाहिलेत.) २००० सालच्या एका अमेरिकन हॅम्लेटमध्ये डेन्मार्क हे न्यूयॉर्कमधल्या कंपनीचं नाव आहे. ते सगळं ठीक. संशय, पाळत, दाराआडून ऐकणं, यांना ऑफिस आयतंच मिळतं. पण खान्देशात हॅम्लेट करायची सोय एका माणसानं ठेवली नाही. अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच आजची विप्रो. १९६६ मध्ये ते अचानक गेले, तेव्हा मुलगा स्टॅनफर्डला शिकत होता, वय २१. विटेनबर्गहून राजपुत्र परत यावा तसा तो परत आला. त्याला किल्ल्यावर भूत भेटलं नाही, वनस्पती तुपाचा कारखाना भेटला, आणि त्यानं ‘करू की नको’ न करता तो हाती घेतला. पुढं त्या कंपनीचं आणि अमळनेरात तिचे शेअर ट्रंकेत सांभाळून ठेवणाऱ्यांचं काय झालं, ते इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढा भरभराटीला आलेला हॅम्लेट नाटकाच्या काय कामाचा?

म्हणून लिअर. शिवाय लिअरचा जन्मच मुळी वाटणीच्या राजकारणातला. २६ डिसेंबर १६०६ रोजी तो राजा जेम्सच्या दरबारात झाला. हा जेम्स १६०३ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्हींचा राजा होता आणि दोन्ही राज्यं एक करा म्हणून पार्लमेंटच्या मागे लागला होता. आमच्या भाषेत, मर्जर करायला निघालेल्या मालकासमोर डीमर्जरचं नाटक लावलं.

नाटकाला दिवस कोणता द्यायचा यावर मात्र वाद झालाच नाही. वाटणी आखाजीला. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. मूळ नाटकात राजानं लेकी-जावयांना दरबारात बोलवून घेतलंय. आमच्याकडं बोलवायची गरजच नाही, त्या दिवशी तिघी घरी असणारच. आणि दुसरी सोय अशी, की सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला फिरतं. जुना जातो, नवा ठरतो. मूळ नाटकात केंट नावाचा सरदार खरं बोलला म्हणून राजा त्याला हाकलतो, आणि तो वेष बदलून पुन्हा त्याच राजाकडे चाकरीला येतो. पुण्याच्या आयटी पार्कात हा प्रसंग कसा बसवणार? चेहरा ओळखणारं यंत्रच त्याला गेटवर अडवेल. आखाजीला नवा सालदार म्हणून तो आला, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, खाली मान घालून म्हणाला, ‘कामाले ठेवा, शेठ,’ की प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पहिल्या वाचनानंतर पुरुष मंडळींनी एक सूचना केली. तीन लेकींऐवजी तीन लेक करा, कारण आपल्याकडं लेकींना वाटा देतो कोण? लोक हसतील. सूचना साधी होती आणि खोटीही नव्हती. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्या तारखेला बाप हयात असला-नसला तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगून टाकलं. कायदा झाला. त्यानंतर हक्कसोडपत्रंही जोरात झाली. आमच्या तीन लेकींपैकी दोघींनी ती केलेली निघाली. थोरलीचं काम करणारी म्हणाली, तिच्या भावानं तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बोलावलं होतं, येताना मुलांना घेऊन ये म्हणाला, नंतर सगळे मिळून शेवभाजी खाऊ. तिथं मुद्रांकाचा कागद तयारच होता. वेबकॅमसमोर उभं केलं, फोटो निघाला, अंगठा यंत्रावर ठेवला. हिरवा दिवा लागेना तेव्हा क्लार्क म्हणाला, ‘ताई, अंगठा पुसा.’ तिनं पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. राजीखुशीनं करताय ना, असं विचारलं तेव्हा बाहेर पोरांची आरडाओरड चालली होती, तिचं तिकडं लक्ष. मान हलली. झालं.

हे ऐकल्यावर मुलगे करायचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट पहिला प्रवेश आम्ही त्या वेबकॅमवर बसवला. शेठच्या टेबलावर कॅमेरा ठेवला, मागं पडद्यावर बोलणाऱ्याचा मोठा चेहरा. थोरली येते, कॅमेऱ्याकडं बघून बापावरचं प्रेम सांगते, पुढच्या पाच वर्षांची उलाढाल सांगते. मधली येते, तेच थोडं वाढवून सांगते. धाकटी येते आणि कॅमेऱ्याकडं न बघता बापाकडं बघते, त्यामुळं पडद्यावर तिचा नुसता कान आणि अर्धी वेणी. ‘तुला काय सांगायचंय?’ ‘काही नाही, बाबा.’ आणि तिथंच तिचा वाटा जातो. धाकटीचं काम करणारी मुलगी कॉलेजात आहे, तिला अजून कुणी कुठं सही करायला बोलावलेलं नाही. तिच्या त्या दोन शब्दांत जी बेफिकिरी होती ती बाकीच्या दोघींना जमली नसती, असं दादाचं म्हणणं. मला ते तितकंसं पटत नाही, पण भूमिका त्यानंच वाटल्या.

आता सरदार.

मूळ नाटकात हा प्रसंग दुसऱ्या अंकाच्या शेवटी येतो आणि मला विचाराल तर जगातल्या कुठल्याही नाटकात इतका जुलमी हिशेब नाही. शंभरांचे पन्नास करा, असं थोरलीचं म्हणणं. मधली म्हणते, माझ्याकडं येणार असाल तर पंचवीसच. मग परत थोरली: पंचवीस तरी कशाला, दहा, पाच? आणि मधली: एकाची तरी काय गरज? दोघी एकदाही आवाज चढवत नाहीत. हे मी लिहायला बसले तेव्हा खरं सांगते, मला थोरलीची बाजू पटत होती. मी रोज हेच करते. मार्च आला की खर्चाच्या यादीतून कुठली ओळ उडवता येईल ते बघणं हा माझ्या पगाराचा भाग आहे. शंभर माणसांचं जेवणखाण, त्यांची भांडणं, कुत्री, घोडे, सगळं थोरलीनं का सोसायचं? तिचं चुकलं कुठं?

याचं उत्तर आमच्या लिअरनं दिलं, संहितेबाहेर. लिअर करणारे नाना भुसावळचे, रेल्वेत गार्ड होते. रेल्वेत रनिंग स्टाफला ड्यूटीवर बोलवायला कॉल बॉय घरी यायचा. रात्री दोनला असो, तीनला असो, सायकल दाराशी टेकायची, कडी वाजवायची, नाव पुकारायचं, वहीवर सही घ्यायची. नाना म्हणाले, ‘सबंध नोकरीत त्या पोऱ्याला शिव्या घातल्या मी. रिटायर झालो आणि पहिल्या रात्री तीनला आपोआप जाग आली. कडी काही वाजली नाही. बायको म्हणाली, झोपा आता निवांत. काय झोपतो!’ मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या त्या यादीत कॉल बॉय कुठल्या रकान्यात बसतो?

त्या प्रश्नावर सरदार सुटले. रंगमंचावर माणसं आणलीच नाहीत. पडद्यावर एक्सेल शीट आणलं. वर लिहिलं, ‘मानद अध्यक्ष: वार्षिक खर्च’. खाली ओळी: गाडी, ड्रायव्हर, केबिनचा एसी, वेगळा शिपाई, देणगीची पावतीबुकं, आखाजीचं गावजेवण, मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन वर्तमानपत्रं. दोघी बहिणी समोर बसून एकेक ओळ निवडतात आणि उडवतात, खालची बेरीज आपोआप कमी होते. पहिल्या दोन-तीन ओळींना प्रेक्षक हसतात. स्पर्धेच्या प्रयोगाला तर ‘देणगीची पावतीबुकं’ गेल्यावर टाळी पडली. मोतीबिंदूच्या ओळीला हसणं अर्ध्यावर थांबतं. शेवटी एकच ओळ उरते, ‘चहा, दु. ४ वा., कपबशीत’. बाकी सगळ्या मिलला कागदी कप असतो. मधली विचारते, ‘कपबशीची गरज काय, बाबा?’ आणि मग ते प्रसिद्ध भाषण येतं, की गरजेचं बोलू नका, गरजेपुरतंच द्यायचं म्हटलं तर माणसात आणि जनावरात काय फरक राहिला. नाना ते भाषण मोठ्यानं म्हणत नसत. समोरच्या पडद्यावर एक मोकळा रकाना लुकलुकत असायचा, त्याच्याकडं बघून म्हणायचे.

इतकं बरं जुळलं म्हणून आमची भीड चेपली आणि प्रत्येक गोष्टीला जोडीदार शोधायची चढाओढ लागली. या खेळाची मला शेवटी शेवटी चीड आली. मूळ नाटकात ग्लॉस्टर नावाच्या म्हाताऱ्या उमरावाचे डोळे काढतात. आमचा ग्लॉस्टर म्हणजे जुना मुनीम. कुणीतरी सुचवलं, त्याचा टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड काढून घ्या, म्हणजे तो आंधळाच झाला की. सगळे वाहवा म्हणाले. कल्पना हुशारच आहे, टाळी घेईल. पण पासवर्ड परत देता येतो. सोमवारी काढला, बुधवारी दिला. डोळे तसे नसतात. हा प्रसंग चारशे वर्षं लोकांना बघवत नाही तो त्यात काही सुचवलंय म्हणून नव्हे, समोर डोळे जातात म्हणून. आम्ही डोळेच घेतले. डाळीला कवच सुटावं म्हणून एमरीच्या रोलवरनं काढतात, ती मशीन उघडी चालू ठेवून मुनिमाचं तोंड तिच्याकडं धरतात. दिवा जातो, नुसता मशीनचा आवाज. एका परीक्षकाला हे भडक वाटलं. वाटू दे.

विदूषक आम्ही धर्मकाट्यावर बसवला. आल्या-गेल्या ट्रकचं वजन करणारा पोऱ्या, काटा त्याचा, तोंड त्याचं. काम करणारा मुलगा पारोळ्याकडचा, घरची बोली अहिराणी. जळगाव शहरात तुम्हाला लेवा बोली जास्त ऐकू येईल, अहिराणी अमळनेर, पारोळा, धुळे या अंगाला. अहिराणीत मोठ्या माणसालाही सहज तू-तुले चालतं, त्यात उद्धटपणा नसतो. दरबारातल्या सगळ्यांनी ‘शेठजी, आपण’ करायचं आणि या एकट्यानं ‘तू’ म्हणायचं, ही मुभा बोलीनंच दिली. मूळ विदूषक राजाला अंड्याची कोटी ऐकवतो, मधलं आपण खाऊन टरफलाचे दोन मुकुट त्याला देऊ करतो. आमच्याकडं तो एक तुरीचा दाणा चिमटीत धरतो, दाताखाली फोडतो, आणि म्हणतो, ‘तूर भरडी टाकी शेठ. डाय दोन्ही पोरीस्ले, टरफल तुले!’ मिलमधून आलेल्या प्रेक्षकांना यापुढं एक शब्दही समजवावा लागला नाही.

हा विदूषक नाटकाच्या मध्यावर नाहीसा होतो. शेक्सपिअरनं कारण दिलेलं नाही आणि पंडितांनी त्यावर पोथ्या लिहिल्यात. आमच्याकडं तो प्रश्न सहज मिटला. तिसऱ्या अंकानंतर काट्यावर दुसराच मुलगा बसलेला दिसतो. ठेकेदाराचं कंत्राट बदललं. स्टेजवर कुणी विचारत नाही, आणि गंमत म्हणजे प्रेक्षागृहातही कुणी विचारलं नाही.

पण मुकुटाच्या जागी काय, हे कोडं मला हिशेबाच्या टेबलावर सुटलं. खुर्ची म्हणावी, तर खुर्ची कुणीही देतो-घेतो. शेअर म्हणावे, तर ते त्यानं लेकींच्या नावे करून दिलेत, म्हणजे ते राज्य झालं. लिअर काय ठेवून घेतो? नाव. राजा हे नाव तेवढं माझं. आता डाळ मिलमध्ये मालकाचं नाव कुठं कुठं असतं? हंगामात तूर-हरभरा उचलायला बँकेचं कॅश क्रेडिट लागतं, आणि बँक कंपनीला कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी लिहून घेते. शेअर लेकींना गेले, संचालकपद गेलं, तरी बँकेनं लिहून मोकळं केल्याशिवाय हमी जात नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे १८७२ च्या करार कायद्यातलं कलम आहे. म्हणजे थोरल्या-मधलीनं मिल बुडवली, तर राहत्या घरावर नोटीस म्हाताऱ्याच्या नावानं येणार. नाव माझं राहू द्या, असं तो पहिल्या प्रवेशात मोठ्या तोऱ्यात म्हणतो. राहिलंच की ते. चौथ्या अंकात बँकेचा माणूस नोटीस डकवायला येतो आणि विचारतो, ‘तुम्हीच ना ते?’ हे सुचल्यावर मी दुपारचा डबा तसाच ठेवून सबंध प्रवेश लिहून काढला.

वादळाचं आधी असं ठरलं होतं, की शेठ रावेरकडं निघून जातो आणि केळीच्या बागेत त्याला वादळ गाठतं. उन्हाळ्याच्या शेवटी तिकडं वारं सुटतं तेव्हा घडानं लगडलेल्या बागा अख्ख्या आडव्या होतात, इथल्या माणसाला त्याहून मोठं वादळ माहीत नाही. वाळलेली पानं गोळा करून आणली, विंगेत खडखडवून पाहिली. आवाज झकास. पण नाना बागेत नुसते उभे राहत आणि आभाळाला ओरडत. बागवान तरी वादळात उभा राहून भाषण करतो का?

उपाय आमच्या चाळणीवरच्या मावशींनी सांगितला. त्या नाटकात नाहीत, तालमीला नातवाला घेऊन येतात. म्हणाल्या, ‘शेठ वादळात दुसरं काय करंल? ताडपत्री ओढंल.’ हल्ली ड्रायर आलेत, पण जुन्या मिलमध्ये पाणी दिलेली तूर अजून उघड्यावर वाळते. अवकाळीचं वारं सुटलं की हमालापासून मालकापर्यंत सगळे त्या अंगणात धावतात, ताडपत्री पसरतात, कडांवर पोती ठेवतात. दाणा भिजला की काळा पडतो. आमचा शेठ रात्री घराबाहेर काढलेला, अनवाणी, आपल्याच मिलच्या अंगणात येतो. गेटवरचे दोघे त्याला ओळखत नाहीत. वारं सुटतं, पत्रा वाजायला लागतो, अंगणभर तूर पसरलेली. ती तूर आता त्याची नाही. मिल त्याची नाही, नफा नाही, उद्या ती कुजली तरी एक पैसा त्याचा जाणार नाही. तो ताडपत्रीचं टोक धरतो. एक टोक धरलं की दुसरं उडतं. ढगांशी जी भाषणं मूळ राजा करतो ती सगळी नानांनी ताडपत्री ओढत, धापा टाकत, अर्धी तोंडातल्या तोंडात म्हटली. आमची ताडपत्री खरी होती, वजनदार, तिला गोदामाचा वास. तालमीत नानांच्या हाताला फोड आले तेव्हा दादानं हलकं प्लास्टिक आणून दिलं. नानांनी ते चटईवाल्याला भेट दिलं.

शेवटावरून संघ फुटायची वेळ आली. धाकटी मरायलाच हवी का? मूळ नाटकात तिला फाशी देतात, पण कंपनीत कोण कुणाला फाशी देतं? एकानं व्यवस्थित तोडगा आणला: मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणापुढं तडजोड होते, बाप परत अध्यक्ष, धाकटी व्यवस्थापकीय संचालक, थोरल्या-मधलीला रोख रक्कम. त्याला वाटलं हे आपल्यालाच सुचलं. पण १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या गृहस्थानं नेमकं हेच केलं होतं: लिअरला गादी परत, धाकटीचं लग्न, विदूषकाला पूर्ण रजा. इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षं हाच गोड लिअर चालला, १८३८ मध्ये मॅक्रेडीनं विदूषकासकट जुना लिअर परत आणला तोवर. दीडशे वर्षं लोकांना जे सोसवलं नाही ते आपण एका तालमीत कसं टाळणार?

धाकटी गोदामात अडकते. किडीसाठी विषारी गोळ्या लावलेलं गोदाम, दाराच्या फटी चिकटपट्टीनं बंद, बाहेर कवटीची पाटी. कुलूप उघडा, असं सांगणारा फोन उशिरा पोचतो. नानांना तिला हातावर उचलून आणायचं होतं, शेक्सपिअरनं तसंच लिहिलंय. गुडघ्यांनी नकार दिला. मग हमाल पोती वाहायला जी दोन चाकांची लोखंडी गाडी वापरतात, तिच्यावर घालून त्यांनी तिला आणलं. एक चाक कुरकुरायचं. तेल घालू का, असं नेपथ्यवाल्यानं विचारलं तेव्हा सगळे एकदम ‘नको’ म्हणाले.

निकालात प्रकाशयोजनेला प्रमाणपत्र मिळालं, बाकी शांतता. प्रयोगानंतर विंगेत आलेल्यांपैकी एक मिलमालक होते, ओळखीचे नव्हेत. रंगभूषेचं, अभिनयाचं काही बोलले नाहीत. मला म्हणाले, ‘त्या गोदामाच्या फॅक्टरी लायसन्सवर ऑक्युपायर म्हणून कुणाचं नाव होतं?’ मी म्हटलं, नाटकात तसं काही दाखवलेलं नाही. म्हणाले, ‘म्हाताऱ्याचंच असणार. बदलायला अर्ज करावा लागतो, कोण करतंय! पोरगी मेली आणि केसही त्याच्यावरच.’ कारखान्यांच्या कायद्यात कंपनीचा कुणीतरी एक संचालक ‘ऑक्युपायर’ म्हणून जबाबदार धरायचा असतो. म्हणजे नावाचं जे भूत मी चौथ्या अंकात बँकेच्या नोटिशीत घातलं होतं, ते यांनी शेवटच्या अंकातही बघितलं होतं. जाता जाता त्यांनी सीएला फोन लावलेला मी ऐकला, पण तो कशासाठी ते त्यांचं त्यांना माहीत. पुढच्या प्रयोगाला ही ओळ घालायची, हे मी तिथंच ठरवलं.

आता दादाच्या डोक्यात ‘कोरिओलेनस’ आहे. रोमचा सेनापती, ज्याला पद हवं असेल तर साधे कपडे घालून बाजारात उभं राहावं लागतं, अंगावरच्या जखमा दाखवून मतं मागावी लागतात, आणि त्याला तेच जमत नाही. हा सरळ सरळ सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीतला माणूस आहे, पॅनेल, सभासद, ऊस उत्पादक गट, सगळं तयार. त्याची आई त्याला हात जोडायला लावते, तीही आम्हाला लगेच सापडली, चाळणीवरच्या मावशी. अडचण मुख्य भूमिकेची आहे. नाना म्हणतात, तो मीच करणार. दादानं विचारलं, ‘नाना, तो तरणाबांड योद्धा आहे, तुमच्या अंगावर दाखवायला जखम तरी आहे का एखादी?’ त्यावर त्यांनी सगळ्यांदेखत सदरा वर करून अपेंडिक्सच्या ऑपरेशनची खूण दाखवली, आणि पहिलं मत चटईवाल्यानं देऊनही टाकलं.